डोळ्यांत घालायचं रक्त

माझ्या डोळ्यांत पाणी नाही असं मी सांगते, तेव्हा लोक हसतात. त्यांना वाटतं, ही बाई आपल्या कठोरपणाचं कौतुक करतेय. कौतुक कसलं डोंबलाचं! डोळे इतके कोरडे, की सकाळी पापण्या उघडताना करकर आवाज यायचा आणि भिंतीपलीकडची शेजारीण ओरडायची, "अगं, दाराला तेल घाल की!" आता यात मी थोडं वाढवून सांगतेय. शेजारीण वाढवलेली आहे. करकर खरी.

मी सोनईत ब्लाऊज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे. गावातल्या निम्म्या बायका मला तोंडावरून ओळखू येत नाहीत, पाठीवरून येतात. लोकांना वाटतं या धंद्याला हात लागतात. हात नंतर. आधी डोळे. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप घालून बघा म्हणजे कळेल. आणि माझे डोळे म्हणजे कुणी पाटीभर वाळू ओतून वर पंखा लावून दिल्यासारखे. पंख्यावरून आठवलं, भर उन्हाळ्यात मी खोलीतला पंखा बंद ठेवायचे. वारा लागला की डोळ्यांची आग व्हायची. गिऱ्हाईक घामानं असं निथळायचं की छातीचं माप घेताना टेप खाली कमरेला जायचा.

त्यात घाण. ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरे, चिकट दोरे निघायचे. चिमटीत धरून ओढला की येतच राहायचा. एकदा ओढता ओढता मी मशीनपासून उंबऱ्यापर्यंत आले होते. शिवणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून दोरा निघावा आणि तो बॉबिनला लावता येऊ नये, याच्यासारखी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही. नव्या ब्लाऊजवर एकदा त्यातला एक तुकडा चिकटला. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, दोरा राह्यलाय बघा इथं," आणि तिनं तो दातानं तोडला. आजही ती रस्त्यात दिसली की मी पलीकडच्या बाजूनं जाते.

उपाय सांगायला आमच्याकडं कुणाला शिक्षण लागत नाही. ब्लाऊज टाकायला आलेली प्रत्येक बाई कापडाबरोबर एक उपाय टाकून जायची. गुलाबजल घातलं, डोळ्यांतून दिवसभर लग्नाच्या मांडवाचा वास येत राहिला. एरंडेल घातलं, समोरची बाई मला तेलात तळल्यासारखी दिसू लागली. मध घातला, आणि ओट्यावर बसले तर माश्या! मेल्या एवढ्या विश्वासानं येऊन बसत होत्या, जणू आजवर माझ्याच डोळ्यांची वाट बघत होत्या. एका बाईची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिनं वाटीत काढून आपलं दूध पाठवलं. पाठवलं ते पाठवलं, वाटी उन्हातून आणली. ते माझ्या डोळ्यांत गेलं आणि तिथंच फाटलं. मी आरशात बघितलं तर पापणीच्या कडेला दह्याच्या गुठळ्या. दोन दिवस मी चहासुद्धा कोरा प्याले.

मग कुणीतरी म्हणालं, कांदा चिरा, पाणी आपोआप येईल. एवढं कांद्याचं गाव, कांद्याला काय तोटा! पाटीभर कांदा चिरला. आळीत सगळे रडले. दारात उभा असलेला कुत्रा रडला. पलीकडच्या घरात भांडण चाललं होतं, ते नवराबायको रडत रडत एक झाले. मी एकटी कोरडी, आणि डोळ्यांत तिखटाची फोडणी बसलेली.

या सगळ्यात माझ्या सासूबाईंचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. त्यांना मी आत्या म्हणते. गळ्यात तुळशीची माळ, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. आत्या म्हणायच्या, "कुसळ गेलंय. दुसरं कायबी न्हाई."

आमच्याकडचा हा कायदाच आहे. डोळा टोचला म्हणजे कुसळ गेलं. ज्यांचा जन्म बाजरी कापण्यात आणि मळणीच्या धुरळ्यात गेला, त्यांच्या बाबतीत तो कायदा बरोबरही ठरतो. पण मी बसते मशीनवर. माझ्या डोळ्यांत कुसळ जाणार कुठून, जॉर्जेटमधून?

"आत्या, कुसळ दोन वर्षं राहतं का डोळ्यांत?"

"रुतल्यालं असंल. तुझं समदंच चिवट."

नेवाशाच्या पलीकडं नदीच्या अंगाला एका वस्तीवर एक म्हातारी होती. ती जिभेनं कुसळ काढायची. म्हणजे डोळा फाकवायची आणि आत जीभ फिरवायची. हे तुम्ही नीट वाचलंत. मी तिथं जायला नाही म्हणत होते, पण त्या आठवड्यात सुईत दोरा ओवायला मला इतका वेळ लागला की गिऱ्हाईक बसल्या जागी दोनदा जांभई देऊन निघून गेलं. बुडत्याला काडी, तशी आंधळीला जीभ. गेले.

म्हातारी ओट्यावर मिश्री लावत बसली होती. आम्हाला बघून तिनं बोट तोंडातून काढलं, लुगड्याला पुसलं, एक चूळ भरली आणि म्हणाली, "ये गं माझी बाय. घाबरू नगं. म्या वाघाचं कुसळ काढलंय."

मला वाटलं होतं, थापा मारण्यात जिल्ह्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

आणि मग ती आली. आधी वास आला. जळक्या तंबाखूचा, रात्रीच्या लसणाचा, आणि त्याच्याखाली आणखी कशाचा तरी, ज्याला मी नाव देणार नाही. मग जीभ. काळी, गरम, खरखरीत, गाईची असावी तशी. तिनं ती पापणीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी फिरवली, की माझ्या मेंदूची चव तिला लागली असणार. दुसऱ्या डोळ्यानं मी आत्यांकडं बघत होते. आत्या हात जोडून उभ्या.

म्हातारीनं तळहातावर थुंकून दाखवलं. थुंकीत चार वाळूचे खडे.

"बग, क्येवढाले धोंडे हुते!"

ते खडे कुठून आले ते मला कळलं होतं. ती चूळ भरायला वळली तेव्हा गालाला आलेला फुगा मी बघितला होता. पण आत्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी पदरानं डोळा पुसला आणि उठले. येताना त्या टेम्पोत सगळ्यांना सांगत होत्या, "चार धोंडे निगालं! येक तर हरभऱ्यायेवढा." सोनई येईपर्यंत तो सुपारीएवढा झाला. घरात थाप मारणारी मी एकटीच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी डोळा टोमॅटोसारखा झाला आणि त्यातून पू आला. हिरवा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यातून काहीतरी ओलं आलं, तर ते हे!

नवरा मला नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. माझा नवरा सरळ माणूस आहे. त्याच्या आईच्या आणि माझ्या मध्ये तो असा राहतो, जसा दोन भाकरींच्या मध्ये पिठल्याचा थर. दोन्हीकडून दाबला जातो, बोलत नाही.

तिथली डॉक्टरीण पोरगेलीशी होती. तिनं आधी पू घालवला. मग एक दिवस पापणीत कागदाची पट्टी अडकवून मला डोळे मिटून बसवलं. पाणी असेल तर पट्टी भिजते. माझी पट्टी बाहेर काढली तेव्हा ती आत घातली त्याच्यापेक्षा जास्त कोरडी होती. मग तिनं यंत्रातून बघितलं आणि गप्प झाली. डॉक्टर गप्प झाला की मला भीती वाटते.

"काकू, बुबुळावर ओरखडे आहेत. पापणी कोरड्या डोळ्यावर घासते ना, त्याचे. अजून वरवरचे आहेत. असंच चालू राहिलं तर तिथं पांढरे डाग पडतील. मग दिसायचं कमी होत जाईल."

"किती कमी?"

"सुईत दोरा विसरा. सुई कुठंय तेही दिसणार नाही."

त्या दिवसापासून मी चेष्टा जरा कमी केली. निदान नगरमध्ये तरी.

पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, माझ्या त्याही तुंबल्या होत्या. डॉक्टरणीनं चिमट्यानं पापणी दाबली. आरसा दिला माझ्या हातात, कशाला दिला कोण जाणे. कडेच्या बारीक भोकांतून पिवळट शेवया बाहेर आल्या. एकेक, वळणं घेत, उन्हाळ्यात साच्यातून पडाव्या तशा. मला शेवयांची खीर आवडायची. आवडायची, म्हणते.

थेंब झाले, मलमं झाली, गरम पाण्याच्या घड्या झाल्या. थोडं बरं वाटायचं, पण ओरखडे तसेच. शेवटी ती म्हणाली, "आता तुमच्याच रक्ताचे थेंब करू."

मला वाटलं ती माझी फिरकी घेतेय. नाही. दंडातून रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं, लाल लाल खाली बसतं, वरची पिवळी निवळ काढून मिठाच्या पाण्यात मिसळायची आणि छोट्या बाटल्यांत भरायची. बाटल्या बर्फाच्या कप्प्यात. त्यातली एक खाली काढायची, ती फ्रिजमध्ये ठेवून डोळ्यांत घालायची, संपली की दुसरी. डॉक्टरणीनं बोट नाचवून सांगितलं, "थंड आणि स्वच्छ. ही एकच गोष्ट. हे रक्त आहे तुमचं. बाहेर राहिलं तर नासेल, आणि नासलेलं डोळ्यांत गेलं तर आहे तीही नजर जाईल."

बर्फ भरलेल्या डब्यात बाटल्या घेऊन मी एस.टी.नं घरी आले. आतलं पाणी ताकावरच्या निवळीसारखं दिसत होतं. पिवळसर, गरीब. कुणाला कळलंही नसतं. औषध आहे, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं असतं आणि विषय मिटला असता.

पण मला गिऱ्हाईक भेटलं. दुपारी चार बायका बसलेल्या, सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. अशा वेळी साधं सांगणं मला जमत नाही. मी म्हणाले, "तांब्याभर रक्त काढलं माझं! यंत्रात घातलं, यंत्र बंद पडलं, इतकं घट्ट! आता तेच रोज डोळ्यांत सोडायचं." एक बाई शी शी करत उठली. दुसरीनं विचारलं, "मग ठेवलंय कुठं?" मी ऐटीत म्हणाले, "फ्रिजमध्ये. दुधाशेजारी."

आत्या मधल्या खोलीत वाती वळत होत्या.

"फिरीजमंदी रगत?" त्या दारात आल्या. माळेवर हात. "ह्ये घर हाय का खाटकाचं दुकान? त्यात माझं दही हाय, येकादशीचं!"

"आत्या, लाल नाही ते. पिवळं आहे."

"मंग मूत म्हन की! काढ भाईर."

मी नवऱ्याकडं बघितलं. पिठलं थिजलं होतं. तो म्हणाला, "दोन दिवस जाऊ दे. निवळंल ती." पण रक्ताला कुठं दोन दिवस थांबता येतं? त्या उन्हात माठातलं पाणीसुद्धा घाम गाळत होतं.

मी डबा उचलला आणि चौकात आले. अख्ख्या पेठेत मला कुणी फ्रिज देईना. शीतपेयवाला म्हणाला, "काकू, माझ्या धंद्याचं वाटोळं व्हईल." शेवटी जनावरांचा डॉक्टर पावला. त्याच्या दवाखान्यात लशींचा फ्रिज होता. "ताई, ठेवा बिनधास्त. माझ्या गिऱ्हाईकांना सोवळंओवळं नसतं."

तर माझं रक्त म्हशींच्या लाळ-खुरकुताच्या लशीशेजारी राहू लागलं. दिवसातून कितीदा तरी मी तिथं जायचे, गाई-म्हशींच्या रांगेशेजारी उभी राहून मान वर करायचे आणि थेंब घालायचे. पुढच्या बाजारापर्यंत गावात बातमी, की शिंपीणबाईला म्हशीचं इंजेक्शन लागू पडलंय. घोडेगावच्या बाजारातला एक ओळखीचा व्यापारी तर म्हणाला, "मग आता दूध किती?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही.

पण डोळे निवायला लागले होते. खरंच. करकर कमी झाली. सकाळी दोरा एका दमात ओवला, तेव्हा मी तो काढून पुन्हा ओवून बघितला.

आणि एक दिवस फ्रिज उघडला तर माझ्या बाटलीवर बोटांचे ठसे. हिरवे. मी वास घेतला. शेण. डॉक्टरचा हात नुकताच गाईच्या आत खांद्यापर्यंत जाऊन आला होता, आणि लस काढताना त्यानं त्याच हातानं माझी बाटली बाजूला सारली होती. बाटलीच्या टोकावर, जे डोळ्यापाशी जातं त्या टोकावर, एक ओला, चकचकीत, केसाळ ठिपका. मी तिथंच गटारीवर जाऊन ओकले.

"ताई, देशी गाय हाय," तो म्हणाला. "पवित्र."

नगरला फोन लावला. डॉक्टरीण एवढी ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "त्यातला एक थेंबसुद्धा घालू नका! बुबुळाला जखम झाली तर मी काही करू शकणार नाही. घरी फ्रिज नाही का तुमच्या?"

होता ना. माझ्या शिलाईच्या पैशांतून आलेला होता. त्यात कोथिंबीर आरामात पडून होती आणि मी शेणात डोळे शोधत होते.

मी डबा घेऊन घरी आले. फ्रिज उघडून दूध, दही, मळलेली कणीक, कोथिंबीर, सगळं काढून ओट्यावर मांडलं. फ्रिज पुसला. नव्या, न उघडलेल्या बाटल्या वर बर्फात ठेवल्या, एक खाली ठेवली. मोकळ्या फ्रिजमध्ये ती एकटी बाटली अशी दिसत होती, जशी लग्नाच्या हॉलमध्ये लवकर आलेली पाहुणी.

"आत्या, आजपासून फ्रिज बाटला," मी म्हणाले. "आता तुमचं काही त्यात नको. तुमचा धर्म तुम्ही सांभाळा, माझे डोळे मी सांभाळते."

त्या माळेवर हात ठेवून आत गेल्या. गावातल्या सगळ्यात मोठ्या वादळाआधी वारा असाच पडतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळचं दूध नासलं. आत्यांनी ते पातेलं माझ्या मशीनसमोरून नेलं, आवाज करत. दुसऱ्या दिवशी दही असं आंबलं, की त्याच्याकडं बघूनच दात शिवशिवले. कणकेला बुरशी आली. ओल्या फडक्यात दुधाचं पातेलं ठेवलं, ते मांजरानं आडवं केलं. घरभर आंबूस वास, ओट्यावर मुंग्या, माश्या. नवरा काळा चहा पिऊन कामाला जायचा आणि जाताना दोघींकडंही बघायचा नाही. मला किळस येत होती, पण या खेपेला मी नाक दाबून मशीनवर बसून राहिले. डोळ्यांत थेंब घालत होते आणि टीप सरळ येत होती.

मग एका सकाळी आत्या अंगणातून आल्या. ओंजळीत तुळशीची पानं. त्यांनी ताज्या दुधाच्या पातेल्यावर एक पान टाकलं. दह्यावर एक. कणकेच्या गोळ्यात एक खोचलं. कोथिंबिरीच्या जुडीवरसुद्धा ठेवलं. आणि सगळं उचलून फ्रिजमध्ये माझ्या बाटलीशेजारी मांडलं.

"हे काय, आत्या?"

"ग्रहनात ठेवत्यात तसं. तुळस असली म्हंजी बाधत न्हाई."

"पण ग्रहण सुटतं, आत्या. मग पान काढून टाकतात."

त्यांनी फ्रिजचं दार कमरेनं लावलं आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्ये न्हाई सुटायचं. माज्या लेकाच्या लग्नापासनं लागल्यालं हाय."

नवरा पहिल्यांदा हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते हसू गिळलं.

त्याला आता दोन उन्हाळे झाले. मागच्या खेपेला डॉक्टरणीनं यंत्रातून बघितलं आणि गप्प राहिली नाही. ओरखडे बरेच भरलेत, म्हणाली. कागदाची पट्टी अजून कोरडीच निघते, ती तशीच निघणार, थेंब जन्मभर. चालेल. काळ्यावर काळी टीप मला दिसते.

घरात मात्र तुळशीचा सुळसुळाट. अंगणातली तुळस वैराग्य घेतल्यासारखी बोडकी झाली आहे. चहात पान, भाजीत पान, परवा पेढ्याच्या खोक्यात आठ पानं. दुधात रात्रभर राहून ती काळी, बुळबुळीत होतात आणि घोटाबरोबर टाळूला चिकटतात. आणि गेल्या महिन्यापासून एक पान माझ्या बाटलीच्या टोपणावर असतं.

"आत्या, यावर नका ठेवू. त्याचे जंतू डोळ्यांत जातील."

"तुळशीत जंतू? जीभ झडंल तुझी!"

"पण रक्त तर माझंच आहे, त्याला कसली बाधा?"

"शेजारी माजं दूध हाय न्हवं? त्ये रोज उकळतं, तापतं. तुज्या रगताला त्याची झळ नगं."

मी रोज सकाळी ते पान चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकते, त्या रोज संध्याकाळी नवीन ठेवतात. पान टाकून मी साबणानं हात धुते, टोपण काढते, मान मागं करते आणि माझं रक्त माझ्या डोळ्यांत सोडते. गार वाटतं. मग ते नाकाच्या आतून हळूहळू घशात उतरतं, खारट, कोमट. शी!